तिसऱ्या बरणीतले चिंचोके

दोन हजार तेरा साल. मी तेव्हा त्रेसष्ट वर्षांचा होतो, अन् गावात माझा शब्द खाली पाडील असा माणूस नव्हता. त्या साली फेब्रुवारीत एक बाई माझ्या चार नंबरच्या खोलीत भाड्यानं राहायला आली. आल्या आल्या तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं नाही, पायाकडं बघितलं. आज माझ्या डाव्या पायाला चार बोटं आहेत. लोक म्हणतात, एक गेलं. मी म्हणतो, त्या बाईमुळं चार राहिली.

तिचं नाव मी लिहीत नाही. तिला ते आवडलं नसतं. नाव कागदावर असावं अन् कागद कुलपात असावा, असं तिचं मत. आम्ही तिला नुसतं बाई म्हणायचो, अन् ती मला मालक म्हणायची.

आमचं गाव शेंद्र्याच्या पलीकडं, करमाडच्या अलीकडं, जालना रोडला लागून. माझी शाळा तिसरीपर्यंत, तीही मास्तरानं छडी मोडली म्हणून सुटली. जमीन कारखान्यांच्या पट्ट्यात गेली तेव्हा उरल्या तुकड्यावर मी एका ओळीत सहा खोल्या काढल्या, वर पत्रा टाकून. कारखान्यात कामाला येणारी माणसं तिथं राहायची. शहर दरसाली थोडं थोडं आमच्याकडं सरकत होतं. ज्या साली रोडवर दिवे लागले, त्याच साली विहिरी आटल्या अन् प्यायचं पाणी टँकरनं यायला लागलं. उजेड आला अन् पाणी गेलं. असं ते साल.

बाई शहरातल्या मोठ्या दवाखान्यातून निवृत्त झालेली. तीस वर्षं तिनं रक्त तपासायच्या खोलीत काढली होती. शहरातल्या एका कॉलेजानं काम काढलं होतं, की आपल्या भागातल्या खेड्यापाड्यांत शुगर किती लोकांना आहे अन् त्यातल्या कितीजणांची ताब्यात नाही, ते बघायचं. रक्त गोळा करायचं काम बाईला दिलं. रोज शहरातून येण्या-जाण्यापेक्षा इथंच राहते म्हणाली.

सामान काय, तर एक लोखंडी पेटी, एक निळा बर्फाचा डबा अन् तीन काचेच्या बरण्या. साडीखाली पांढरे कॅनव्हासचे बूट. मनगटावर पुरुषी घड्याळ, तेही तबकडी आतल्या बाजूला करून बांधलेलं. भिंतीवर बुद्धाची तसबीर लावली, खाली चटई टाकली, झाला संसार. गल्लीत दोघातिघांनी नाकं मुरडली, हिला कशाला खोली दिली म्हणून. मी म्हणलो, खोली माझी, पत्रा माझा, तुमचं नाक तुमच्यापाशी ठेवा. हे मी मोठेपणा म्हणून सांगत नाही. मला कुणी शिकवलेलं खपत नव्हतं, एवढंच.

माणसं ती पायावरून ओळखायची. माझ्या पुतण्यानं एकदा तिला रस्त्यात नमस्कार केला, तर चेहऱ्याकडं बघून ती गोंधळली, मग खाली बघितलं अन् म्हणाली, "अच्छा, उजव्या टाचेला भेग असलेले तुम्ही." पुतण्या दोन दिवस बूट घालून फिरला. बाई दिसली की गावातल्या बायका डोक्यावरचा पदर सावरायच्या आधी लुगड्याच्या काठाखाली पाय ओढून घ्यायच्या.

आज काय खाल्लं, असं ती कधी विचारायची नाही.

"आजचं नका सांगू," म्हणायची. "आजचं सगळे शहाण्यासारखं सांगतात. परवा काय खाल्लं?"

परवाचं खोटं माणसानं तयार करून ठेवलेलं नसतं, असा तिचा हिशेब. कुणी काही सांगितलं की तिचं एकच, "अच्छा? मग?" त्यात रागवणं नाही, उपदेश नाही. लहान पोराला बैलगाडीचं चाक कसं फिरतं ते बघायचं असतं ना, तशी ती माणसापुढं बसायची. गोष्ट चांगली निघाली तर बूट काढून मांडी घालायची. बाईनं बूट काढले म्हणजे समजायचं, आता तासभर उठत नाही.

त्या तीन बरण्यांचं सांगतो. त्या खिडकीत ओळीनं ठेवलेल्या. आमच्या बांधावरच्या चिंचेचे चिंचोके तिनं पिशवीभर वेचून आणले होते. कुणाच्या रक्ताचा कागद शहरातून आला की ती त्या माणसाला एकट्याला आत बोलवायची, हळू आवाजात सांगायची, अन् तो गेला की एक चिंचोका बरणीत टाकायची. शुगर नाही त्याचा पहिल्या बरणीत. शुगर आहे पण ताब्यात आहे, त्याचा दुसरीत. अन् सुटलेली आहे त्याचा तिसरीत.

"शुगर असणं हा काही गुन्हा नाही, मालक," ती मला म्हणाली. "बैल सगळ्यांच्या दावणीला असतो. दावं तोडून मोकाट सुटला की मग तो पीक खातो."

हे बैलाचं तिनं आमच्या गावात आल्यावर जुळवलं होतं. शहरात असताना ती म्हणे नळाचं सांगायची, उघडा राहिला की घर भिजवतो म्हणून.

"तुमचा चिंचोका कुठल्या बरणीत?" मी मुद्दाम विचारलं.

"पहिल्या. त्यात माझी हुशारी काही नाही. आईबापाकडून तसं आलं, बस."

मला हे उत्तर आवडलं नाही. का आवडलं नाही ते पुढं कळेल.

एप्रिल लागायच्या आत तिसरी बरणी भरली. आमच्या घरच्या बाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, तिला लोणच्याची बरणी नेऊन दिली. आदल्या साली आंबा आलाच नव्हता, बरणी रिकामीच होती. अन् दुसऱ्या बरणीचा अजून तळ दिसत होता. ज्यांना शुगर आहे हे माहीत, ज्यांच्याकडं दवाखान्याचा कागद आहे, गोळ्या चालू आहेत, त्यांचीच निम्म्याहून जास्त सुटलेली. बाई खिडकीपाशी उभी राहून त्या बरण्यांकडं बघत राहायची.

"किती ते कॉलेज सांगेल," म्हणायची. "का, ते मला पाहिजे."

हे 'का' शोधायला ती घरोघर फिरायची. एका घरात नवरा-बायको एकाच चिठ्ठीवर गोळ्या आणायचे अन् अर्ध्या अर्ध्या करून खायचे. एक जण गोड खाल्लं त्याच दिवशी गोळी घ्यायचा. एका म्हातारीनं गोळ्यांची पाकिटं डब्यात जपून ठेवलेली, लेकीच्या बाळंतपणात गोडधोड होईल तेव्हा लागतील म्हणून. बाई खोलीवर येऊन हे आमच्या घरात सांगायची, नाव न घेता. आम्ही हसायचो. ती हसायची नाही. म्हणायची, "प्रत्येकाचं काहीतरी खरं आहे. पण एवढ्यानं बरणी भरत नाही."

दोन नंबरच्या खोलीतल्या म्हातारीची गोष्ट यातच. तिचा मुलगा कारखान्यात माल चढवायचा. म्हातारीला इन्सुलिनचं इंजेक्शन होतं, अन् ती ते घड्याळ लावून घ्यायची, एक दिवस चुकत नव्हती. तरी उन्हाळा लागला तशी तिची शुगर वर वर चाललेली. बाई तिच्या खोलीत गेली, बूट काढले, बसली. औषधाची बाटली कुठं ठेवता विचारलं. फ्रीज कुठला तिथं, म्हातारीनं कोपऱ्यातला छोटा माठ दाखवला. बाटली माठात, माठावर फडकं. असं ठेवलं तर थंड राहतं, दवाखान्यातच सांगितलेलं. बाईनं माठात हात घातला अन् तसाच ठेवला.

मग माझ्याकडं आली. "मालक, जरा चला."

मी गेलो. म्हणाली, हात घाला. मी घातला. माठ कोरडा ठणठणीत, अन् आत तव्यासारखं गरम.

"माठ ओला ठेवायला पाणी लागतं," बाई म्हणाली.

टँकर आला की खोलीला दोन हंडे, हा नियम माझा. तिसरा हंडा मागितला की मी तोंड फिरवायचो. म्हातारीनं पाणी प्यायला वापरलं होतं, माठाला कुठून घालणार? मला वाटलं, बाई आता बोलणार. पण ती माठाकडं बघत होती, कोडं सुटल्यासारखी.

माझ्या खोलीत राहून कुणाचं औषध नासलं, असं उद्या कुणी म्हणायला नको म्हणून दुसऱ्या दिवसापासून मी माझ्या घरातली एक कळशी त्या माठासाठी काढली. माठाभोवती वाळू, वाळूवर पाणी. बायका तिला इन्सुलिनची कळशी म्हणायला लागल्या. त्या उन्हाळ्यात तहानेनं जीव जायची वेळ, पण त्या कळशीतला घोट कुणी घेतला नाही.

आता माझं.

कॉलेजानं गावातली घरं चिठ्ठ्या टाकून काढली होती. ज्याचं घर चिठ्ठीत, त्याचंच रक्त. सरपंच स्वतः बाही वर करून आला, फुकट तपासून द्या म्हणाला. बाई म्हणाली, "तुमचं घर निघालं नाही." सरपंच म्हणाला, "गाव माझं हाय." बाई म्हणाली, "हौ, पण चिठ्ठी तुमची नाही." अन् ज्याचं घर निघालं होतं, तो मी बाही खाली करून बसलो होतो.

मला शुगर पाच वर्षांपासून. करमाडला डॉक्टर होता, तो दर खेपेला कागद बघून म्हणायचा, "वा, बाबा, शंभराच्या आसपास. गावाला दाखवा तुमचा कागद." अन् मी दाखवायचो. पारावर बसून दाखवायचो. गोळी दोनाची एक झाली, एकाची अर्धी झाली. मी सांगायचो, मनगटात जोर पाहिजे, शुगर काय करते. म्हणून बाईचं ते 'त्यात माझी हुशारी नाही' मला झोंबलं होतं. माझी तर सगळी हुशारीच होती.

"मला माझी शुगर ठाऊक हाय," मी बाईला सांगितलं. "दुसऱ्याचं घर घ्या माझ्या जागी."

"दुसरं चालत नाही."

"काहून?"

"जे हौसेनं पुढं येतात त्यांची बहुतेक बांधलेली निघते. नाही म्हणतात त्यांचीच मला पाहिजे. तुम्हाला सोडलं तर गावाची शुगर मी उगाच चांगली दाखवली, असं होईल."

चार महिने ती दर सोमवारी विचारायची, मी दर सोमवारी नाही म्हणायचो. तिच्या यादीत माझी एकट्याची ओळ कोरी राहिली.

तहान मला लई लागायची. पण दुष्काळात तहान कुणाला नव्हती? रात्री तीनदा उठायचो, ते वय झालं म्हणून. पायाला मुंग्या यायच्या, त्या बसून राहतो म्हणून. मग मुंग्या यायच्या बंद झाल्या, तर मी म्हणलो बरं झालं. प्रत्येक गोष्टीला माझ्याकडं उत्तर होतं.

मे महिन्यात टँकरच्या टाकीला कुंपण घालायचं काढलं. रात्री जनावरं टाकीला तोंड घालायची. मी बाभळीच्या फांद्या तोडून ओढत होतो. दुपारी घरी येऊन ओट्यावर बसलो. बाई समोरून चाललेली, ती थांबली. नेहमीप्रमाणं पायाकडं बघितलं.

"मालक, हलू नका."

"काय झालं? साप हाय का?"

"साप नाही. काटा आहे."

डाव्या चपलेतून बाभळीचा काटा आरपार गेला होता. अंगठ्याच्या बुडात बोटभर आत. चपलेत रक्त वाळलेलं. टाकीपासून घरापर्यंत मी तसाच चालत आलो होतो. बाईनं पिशवीतून चिमटा काढला, काटा ओढला, तरी मला काही नाही.

"आमचे पाय निबर हायत," मी म्हणलो. "असले काटे लई बघितले. आम्हाला नाय दुखत, काट्यालाच दुखतं."

बाई म्हणाली, "अच्छा? मग डोळे मिटा. मी अंगठ्याला दोरा लावते. लागला की सांगा."

मी डोळे मिटले. आमच्या घरची बाई दारात येऊन उभी राहिलेली, तिच्या बांगड्या वाजल्या. थोडा वेळ गेला. बराच वेळ गेला. एवढ्या वेळात लावलाच असंल, असं धरून मी म्हणलो, "लागला."

दारात बांगड्या पुन्हा वाजल्या.

"लागला म्हणलं ना."

"मालक," बाई म्हणाली, "मी अजून पिशवीतून दोरा काढला नाही."

डोळे उघडायला मला जड गेलं. घरची बाई आत निघून गेली. ती हसली असती तर बरं झालं असतं.

"घ्या रक्त," मी म्हणलो. "पण आज नाय. तीन दिवसांनी."

"तीनच दिवसांनी का?"

"काम हाय मला."

तीन दिवसांनी बाईनं सकाळी माझं बोट टोचलं अन् जागेवरच यंत्रात बघितलं. एकशे आठ. मी ओट्यावरून आख्ख्या गल्लीला सांगितलं, एकशे आठ. बाई म्हणाली, "छान आहे." अन् दंडाला पट्टा बांधून आणखी एक नळी भरून घेतली.

"आता ही कशाला?"

"ही तीन महिन्यांची. रक्ताला मागच्या तीन महिन्यांचं आठवतं."

"रक्ताला?"

"हौ. माणसापेक्षा त्याची याददाश्त बरी."

नळी निळ्या डब्यात गेली अन् डबा शहरात. दहा दिवसांनी पाकीट आलं. मी ओट्यावरच बसलो होतो, चार माणसं होती. बाई म्हणाली, आत चला. मी म्हणलो, "इथंच वाचा. मोठ्यानं वाचा. माझं लपवायसारखं काय नाय."

बाईनं कागद वाचला, घडी घातली अन् खोलीत निघून गेली. मला उठून तिच्या मागं जावं लागलं. आमच्या घरची बाई पण आली.

"सुटलेली आहे," बाई हळूच म्हणाली. "बरीच. अन् पुष्कळ दिवसांची."

"यंत्र बिघडलं असंल."

"सगळ्या गावाचं त्याच यंत्रावर झालं."

"मग नळी बदलली. दुसऱ्या कुणाचं रक्त माझ्या नावावर आलं."

"नळीवर मीच आकडा टाकते, मालक."

"खोली खाली करा," मी म्हणलो. "आजच्या आज."

बाई म्हणाली, "करते." पेटी ओढली, झाकण उघडलं. भिंतीवरची तसबीर काढायला हात वर केला अन् तसाच ठेवून वळली. तिच्या तोंडावर राग शोधला, तर नव्हता. माठात हात घातला होता तेव्हा जशी दिसत होती, तशी दिसत होती.

"बोटाचं एकशे आठ आलं, ते खरं होतं," ती म्हणाली. "अन् हेही खरं आहे. दोन्ही एकाच माणसाचं. ते कसं? त्या तीन दिवसांत तुम्ही काय केलं?"

"तुमाला काय करायचंय?"

"मला झोप येणार नाही."

आमच्या घरची बाई म्हणाली, "सांगा की आता. नायतर मी सांगते."

मग मी सांगितलं. करमाडला दवाखान्यात जायचं ते बाजाराच्या दिवशी. त्याच्या आधी तीन दिवस चहा बंद, भात बंद. अर्धी ज्वारीची भाकर, मेथी, सकाळी कारल्याचा रस. गोळी तेवढे तीन दिवस न चुकता. सकाळ-संध्याकाळ रोडनं चालायचं. चौथ्या दिवशी उपाशी जायचं, रक्त द्यायचं, कागद चांगला येतो. डॉक्टर शाब्बास म्हणतो, गोळी कमी करतो. दवाखान्यातून निघालं की समोरच्या गाड्यावर पावशेर जिलेबी, अन् मग पुढच्या खेपेपर्यंत चहा, खारी, भात, सगळं पहिल्यासारखं.

"आवं, हे एकटेच नायत, बाई," घरची म्हणाली. "आख्खं गाव असंच करतंय. बाजाराच्या आधी तीन दिवस गावात कारलं मिळत नाय."

"पण का?" बाईनं विचारलं.

"का म्हणजे?" मी म्हणलो. "दवाखान्यात जाताना माणूस धुतलेलं धोतर नेसून जातो का नाय? तसं रक्त बी जरा धुऊन न्यायचं. डॉक्टरपुढं मान खाली घालायची म्हणजे काय? आपली बी इज्जत हाय."

बाई उघड्या पेटीच्या कडेवर बसली. बूट काढले.

"तीनच दिवस का? दोन का नाही?"

"दोनात उतरत नाय. म्या करून बघितलंय. चार केले तर गरगरतं."

तिनं ते लिहून घेतलं. पुन्हा विचारलं, कारलं किती, गोळी कधी, चालायचं कुठपर्यंत. मी सांगत गेलो. चाळीस-पन्नास वर्षांत मला कुणी एवढं मन लावून काही विचारलं नव्हतं. शेवटी वही मिटली अन् ती स्वतःशीच हसली. तिला हसताना मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

"मी येणार हे सगळ्यांना आधीच माहीत असायचं," ती म्हणाली. "चिठ्ठी निघाली की चार दिवसांनी माझी फेरी. अन् मी शहाणी विचारत बसले, परवा काय खाल्लं. परवा तर तुमचं पथ्यच चालू होतं."

खोली खाली करायचं त्या दिवसानंतर मीही बोललो नाही, तीही बोलली नाही. पेटीचं झाकण घरच्या बाईनं लावलं.

पुढं पंधरा दिवस बाई पुन्हा घरोघर फिरली. आता विचारायची, "मागच्या बाजाराहून येताना काय खाल्लं?" अन् माणसं हसून सगळं सांगायची, कारण तिला कळलंच आहे म्हटल्यावर लपवून काय उपयोग. तिला हे कुणी सांगितलं ते तिनं कुणाला सांगितलं नाही. मीच सांगितलं पारावर, की बाईला अक्कल मी दिली. तेवढी घमेंड शाबूत होती.

पायाचं मात्र सांगितलं नाही. काट्याची जखम वरून मिटली अन् आतून मिटली नाही. अंगठा आधी लाल, मग जांभळा, मग बुडाशी काळा पडला. चिंधी बांधली तर ओली व्हायची. दुखत नव्हतं, म्हणून मी म्हणायचो काही नाही. बाई रोज सकाळी खोलीतून निघताना म्हणायची, "मालक, पाय दाखवा." मी म्हणायचो, "बरा हाय." मग मी शेंद्र्याच्या दुकानातून मोजे आणले. जन्मात मोजे घातले नव्हते. बेचाळीस डिग्रीच्या उन्हात म्हातारा मोजे घालून फिरतो, हे गावानं बघितलं. घरच्या बाईनं अंथरूण लांब केलं. वास येतो म्हणाली नाही, पण केलं.

जूनमध्ये बाईचं काम संपलं. न्यायला जीप आलेली. पेटी चढवली, डबा चढवला. मी खोली बघायला गेलो, तर बरण्या खिडकीतच.

"ह्या राहिल्या."

"असू द्या. कॉलेजाला कागद पाहिजेत, चिंचोके नकोत." अन् तिनं साडीच्या ओच्यातून एक चिंचोका काढून माझ्या हातावर ठेवला. "हा तुमचा. तुमचा एकट्याचा राहिला होता. मी बघत नाही. कुठं टाकायचा ते तुम्हाला माहीत."

ती खरंच भिंतीकडं तोंड करून उभी राहिली. मी थोडा वेळ चिंचोका हातात धरला. मग दुसऱ्या बरणीत टाकला.

बरणी निम्मी रिकामी. चिंचोका काचेवर आपटला अन् टणकन वाजला. तिसरी काठोकाठ भरलेली होती, तीत टाकला असता तर आवाजच आला नसता. हे मला टाकल्यावर सुचलं.

बाईनं ऐकलं. वळली, मनगट उलटं करून घड्याळ बघितलं, मला नमस्कार केला. जीपमध्ये बसताना एकदा माझ्या मोज्यांकडं बघितलं, बस. पाय दाखवा म्हणाली नाही. काटा काढल्यापासून त्याच एका दिवशी म्हणाली नाही. जीप जालना रोडला लागून शहराकडं वळली तरी मी ओट्यावर उभा होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी चार नंबरची खोली उघडली. दुसऱ्या बरणीत हात घातला. माझा कोणता ते काही कळेना, सगळे सारखेच. हाताला लागला तो काढला अन् तिसऱ्या बरणीत ठेवला. त्याचा आवाज झाला नाही. मग घरी येऊन साखर घातलेला चहा प्यालो, कालचा भात खाल्ला, कारल्याचा रस मागितला नाही, अन् बाजार नसताना करमाडची एसटी धरली. डॉक्टर म्हणाला, "आज कसं काय, बाबा? बाजार तर नाही." मी खुर्चीवर बसलो, अन् उत्तर द्यायच्या आधी डाव्या पायाचा मोजा काढला.